घर वर कोण घेणार?

आमच्या घरात पावसाळ्यात एक काम असतं. त्याला आम्ही ‘घर वर घेणं’ म्हणतो. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात आमचा तळमजल्यावरचा फ्लॅट आहे आणि उल्हास नदी तिथून फार लांब नाही. फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने रंगीत कागदावर ‘निसर्गाच्या कुशीत’ असं छापलं होतं. निसर्ग नंतर स्वतःच आला, थेट हॉलमध्ये, कमरेएवढा. तेव्हापासून नदी वाढतेय असा मेसेज मोबाईलवर आला की जमिनीवरचं सगळं उचलून माळ्यावर, ओट्यावर, पलंगावर चढवायचं. धान्याचे डबे, गाद्या, मिक्सर, टीव्ही, कागदपत्रांची पिशवी, गॅसचा सिलिंडर आणि शेवटी फ्रीज. बहुतेक वेळा पाणी गेटच्या आत येतही नाही. मग दोन दिवसांनी सगळं परत खाली काढायचं.

‘आम्ही’ हे नुसतं म्हणायला. घर मी वर घेते. नवरा त्या वेळी पाणी बघायला गेलेला असतो.

पाणी बघायला जाणं हे आमच्या सोसायटीतल्या पुरुषांचं काम आहे, आणि ते फार मन लावून करतात. मेसेज आला की हाफ पँटी चढवतात, छत्र्या घेतात आणि पुलाच्या दिशेने निघतात. तिथे उभं राहून खांबाला पाणी कुठवर लागलं यावर चर्चा, मागच्या पुराच्या आठवणी, टपरीवरचा चहा, व्हिडिओ. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत माझा नवरा ऑफिसर आहे, तिथेही तो हाताखालच्यांना काम सांगायचं काम करतो, त्यामुळे पुलावर तो रमतो. तिथून मला फोन येतो, “वाढतंय गं. फ्रीज वर घे.” जणू फ्रीज म्हणजे आमटीची वाटी. घरात मी त्याला ‘अहो’ म्हणते. इथे ‘तो’ म्हणतेय, आणि तेवढं मला हवंच आहे.

ज्या वर्षी पाणी खरंच आत आलं, त्या वर्षी आम्हाला रबरी होडीतून बाहेर काढलं. होडीत पाच-सहा बायका, दोन म्हातारे आणि एक पिंजऱ्यातला पोपट. मला मधोमध बसवलं आणि मांडीवर कागदपत्रांची पिशवी दिली. होडीवाला म्हणाला, “ताई, हलू नका. काही करू नका, नुसत्या बसून राहा.” माझ्यासमोर एक जवान मुलगा वल्हं मारत होता. रस्त्याच्या कडेला वाहतं पाणी होतं, तिथे होडी फिरायला लागली की तो वल्हं आडवं रोवायचा आणि होडी गुमान सरळ व्हायची. मी घाबरले होते का? होते. पण त्याहून जास्त चिडले होते. आदल्या रात्रभर घर वर घेतलं होतं मी, पाणी अंगावर घेतलं होतं मी, आणि आता कोणीतरी मला सांगत होतं की नुसती बसून राहा. त्याच्या हातात वल्हं होतं आणि माझ्या हातात फायली. त्या दिवशी मनाने घेतलं की एकदा तरी असल्या पाण्यात मी वल्हं हातात घेऊन उतरणार.

हे मी घरात सांगितलं तेव्हा सगळे हसले. तरी मी सोडलं नाही. उल्हासनगरला एका पॅकेजिंगच्या ऑफिसात मी काम करते, तिथे जेवणाच्या सुट्टीत माहिती काढायला लागले. कोलाडला नदीवर राफ्टिंग चालतं. डोंगरातली नदी, वर धरण, धरणाखाली वीजघर. वीजघरातून सकाळी पाणी सोडतात, मग नदीला जोर येतो, खडकांवरून फेसाळत धावते, आणि दुपारनंतर ओसरते. म्हणजे सकाळी वेळेवर पोचलं तर नदी, नाहीतर नुसते दगड. हे मला तिथल्या गाईडने फोनवर समजावलं. तो मालवणी हेलात बोलत होता. मी त्याला इतके प्रश्न विचारले की शेवटी तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही कंपनी काढताय काय?”

त्याने हुकूम सांगितले, ते मी पाठ केले. फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाऊन. राफ्टच्या काठावर बसायचं, पाय आतल्या फटीत अडकवायचे, वल्ह्याची वरची मूठ कधीही सोडायची नाही, कारण सुटली तर पुढच्याचे दात जातात. मी सोफ्याच्या हातावर बसून लादी पुसायच्या दांड्याने सराव केला. नवरा बातम्या बघत होता. “टीव्हीसमोरून सरक,” एवढंच म्हणाला.

खरेदीलाही मीच गेले. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये माझ्या दिराचं जीन्स शिवायचं वर्कशॉप आहे. त्याच्या पुढच्या गल्लीत चपला-बुटांची दुकानं आहेत. पाण्यात निसटणार नाहीत असे मागे पट्टा असलेले रबरी बूट मला हवे होते. दुकानदार म्हणाला, “भाईसाब का नंबर बोलो, दीदी.”

“मेरे लिए चाहिए.”

“आपके लिए? किधर जा रहे?”

“नदी में.”

“अच्छा, स्नान है कोई.” त्याने लगेच हात जोडले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाई पाण्यात उतरणार म्हणजे एक तर धुणं नाहीतर पुण्य. “स्नान नहीं, बोट चलानी है,” मी म्हटलं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, मुकाट्याने त्याने जेंट्सचा सगळ्यात छोटा नंबर काढून दिला. बोटांपुढे रिकामी जागा राहत होती. मी तेच घेतले.

मग दीर मध्ये पडला. दीर माणूस हौशी, पण त्याला कुठलीही गोष्ट आहे तशी ठेववत नाही. रविवारी तो बायकोला घेऊन आमच्याकडे आला, माझ्या धाकट्या जावेला. चहा होईपर्यंत त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, गरम भजी येईपर्यंत रिसॉर्ट ठरवलं. स्विमिंग पूल, रेन डान्स, रात्री चुलीवरचं चिकन.

“आणि राफ्टिंग?” मी विचारलं.

“ते ऑप्शनल ठेवू ना, वहिनी. ज्याला वाटेल तो करेल. तुम्ही दोघी काठावर बसून आमचे मस्त व्हिडिओ काढा.”

“भाऊजी, ट्रिप राफ्टिंगची आहे. मी काढलीय.”

“हो हो, आयडिया तुमचीच,” तो म्हणाला, आणि नवऱ्याकडे बघून डोळा मिचकावला. मला दिसलं. जाऊ भजीच्या बशीकडे बघत बसली होती. ती फार बोलत नाही. तिला कोणी विचारत नाही हे एक, आणि विचारलं तरी उत्तर दीरच देतो.

तारखेचं घोंगडं असंच भिजत पडलं. उन्हाळ्यात नवऱ्याच्या कंपनीत मशीनं दुरुस्तीला उघडतात, रजा नाही. मग दिराची लग्नसराईची ऑर्डर. मग जावेच्या माहेरी बारसं. सगळ्यांच्या अडचणी मांडून झाल्यावर जी जागा उरली ती ऐन पावसाळ्यात होती. मला चाललं असतं. गाईड म्हणाला होता, पावसाळ्यात नदीला खरा रंग येतो. आगाऊ पैसे भरले, गाडी ठरली, आणि मग पुन्हा एका रविवारी सगळे आमच्याकडे जमले असताना नवऱ्याने भजी खाता खाता विचारलं,

“पण मग घर वर कोण घेणार?”

कोणी मुद्दाम बघितलं नसेल, पण तिघांच्याही नजरा माझ्याकडे वळल्या. जूनपासून गणपतीपर्यंत आमच्या घरातलं कोणीतरी एक गाव सोडत नाही. कोणी ठरवून दिलेलं नाही, तसंच चालत आलंय. भाचीचं लग्न पुण्याला होतं तेव्हा कोणीतरी एक घरी थांबलं. ऑफिसची माथेरानची पिकनिक होती तेव्हाही थांबलं. ते कोणीतरी एक म्हणजे दरवेळी मी, हे त्या दिवशी हॉलमध्ये बसून मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कढई गॅसवरून उतरवली, उरलेलं भज्यांचं पीठ तसंच ठेवलं आणि म्हटलं, “बघते मी.”

आणि मी बघितलं. पुढच्या शनिवारी कडक ऊन पडलं होतं. आभाळात ढगाचा तुकडा नाही, आणि मी घर वर घेतलं. ट्रिपला अजून पुष्कळ दिवस होते. डबे, गाद्या, मिक्सर, टीव्ही, इस्त्री, पुस्तकं, चपलांचा स्टँड. फ्रीज विटांवर चढवला. फक्त सिलिंडर जागेवर ठेवला, कारण स्वयंपाक करायचा होता. नवरा संध्याकाळी आला तर हॉलमध्ये नुसती फरशी.

“टीव्ही कुठाय?”

“माळ्यावर.”

“पाणी येतंय?” तो खरोखर खिडकीकडे गेला.

“नाही. पण आता ट्रिपला कोणी मागे राहायची गरज नाही. सगळं आधीच वर आहे.”

“वेड लागलंय का तुला? तोवर असं राहायचं?”

“मी पावसाळाभर अशीच राहते. तुम्ही थोडे दिवस राहा.”

त्या रात्री तो फरशीवर चादर टाकून जेवला. मला वाटलं जिंकले. पण मी नवऱ्याला ओळखत असूनही ओळखलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅच होती म्हणून टीव्ही खाली आला. मग कंबर धरली म्हणून एक गादी. मग इस्त्री, कारण शर्ट. मग तो चपलांचा स्टँडही, कारण पाहुणे येणार होते. एकेक वस्तू खाली येत होती, आणि दरवेळी तो म्हणायचा, “ऊन पडलंय गं, कुठे येतंय पाणी.” मी वर ठेवायचे, तो खाली काढायचा. फ्रीजसुद्धा त्याने दिराला बोलावून विटांवरून उतरवला, का तर दार उघडताना हात वर करावा लागतो. उतरवायला माणसं मिळतात, हे मी तेव्हा बघून ठेवलं. ट्रिपच्या दिवसापर्यंत अर्धं घर परत जमिनीवर आलं होतं.

आणि नेमका आदल्या रात्री कर्जत-खंडाळ्याकडे पाऊस कोसळला. सकाळी निघायच्या वेळी मेसेज आला. नदी इशाऱ्याच्या पातळीकडे चाललीय, काठावरच्यांनी सावध राहावं. दिराची गाडी गेटशी उभी होती, जाऊ आत बसलेली. मी रबरी बूट घालून, पाठीवर बॅग घेऊन दारात. मी गाईडला फोन केला. तिकडे पाऊस उघडलाय, पाणी वेळेवर सुटणार, पण उशीर करू नका, म्हणाला. थांबून बघू, पाणी उतरलं की निघू, याला काही अर्थच नव्हता. दुपारी तिथे नुसते दगड.

नवरा बॅग खांद्याला लावून हॉलमध्ये उभा होता. टीव्हीकडे बघितलं, फ्रीजकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तू थांब ना,” तो म्हणाला. आवाज चढवून नाही. अगदी मायेने. “तुला सवय आहे.”

मला आयुष्यात कोणी शिवी दिली असती तरी इतकी लागली नसती. सवय म्हणे! मला कधी कोणी विचारलं नाही, शिकवलं नाही, मदतीला हात लावला नाही, आणि करून करून माझी कंबर गेली त्याला हा माणूस सवय म्हणत होता.

“माळ्यावर मी ठेवलं होतं,” मी म्हटलं. “खाली तुम्ही काढलंत. आता तुम्ही वर घ्या.”

“अगं पण मला कुठे जमतं ते! आणि पैसे भरलेत माझेही.”

दीर गाडीतून उतरून आला. “वहिनी, असं करू, आपण सगळीच कॅन्सल करू. पुढच्या वर्षी बघू.”

तेवढ्यात गाडीतून जाऊ बोलली. खिडकीची काच खाली करून, मोठ्याने. “ताई, तुम्ही गाडीत बसा. मला पण जायचंय.”

दीर तिच्याकडे बघतच राहिला. ती काठावर बसून व्हिडिओ काढणार असं त्याने ठरवलं होतं. मी घराची किल्ली नवऱ्याच्या हातात दिली, गाडीत जावेशेजारी बसले आणि दार ओढून घेतलं. दिराला गाडी चालवण्याखेरीज काही उरलं नाही. आरशात नवरा गेटपाशी दिसत होता. ट्रिपची टोपी घातलेला. मला दया आली नाही, आणि यायला हवी होती असं मला आजही वाटत नाही.

आधीच सांगून टाकते, त्या दिवशी पाणी घरात आलं नाही. सोसायटीच्या गेटला लागून परत गेलं. पण हे संध्याकाळी कळलं. सकाळी हे कोणालाच माहीत नव्हतं, कधीच नसतं, म्हणून तर घर वर घ्यावं लागतं.

खोपोलीपर्यंत काचेतून काही दिसत नव्हतं इतका पाऊस होता. पुढे उघडलं. दीर रेडिओ लावून गाडी चालवत होता. जाऊ मला हळूच विचारत होती, वल्हं कसं धरायचं. मी छत्री हातात देऊन तिला दाखवलं, वरची मूठ सोडायची नाही. ती ते पुन्हा पुन्हा करून बघत होती.

कोलाडला आम्ही पोचलो तेव्हा नदीत पाणी नुकतंच यायला लागलं होतं. आधी खडकांमधून नुसते ओहोळ, मग बघता बघता खडक बुडायला लागले आणि आवाज सुरू झाला. तो आवाज मला ओळखीचा होता. तोच आमच्या गेटशी येतो तेव्हा मी डबे उचलायला लागते. पण या वेळी माझ्या अंगावर लाइफ जॅकेट होतं, डोक्यावर हेल्मेट, आणि शेजारी उभं केलेलं वल्हं माझं होतं. गाईडने दिराला विचारलं, “पुढे कोण बसणार? पुढच्याला सगळ्यात जास्त पाणी लागतं.” दीर उत्तर देणार तेवढ्यात मी पुढे जाऊन उभी राहिले.

मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत टाकायचे होते. मी माझा टाकत होते तेवढ्यात वाजला. नवरा.

“अगं, सिलिंडर वर कसा घेतात?”

“कसा म्हणजे?”

“जड आहे हा. भरलेला आहे. तू एकटीने कसा चढवतेस?” त्याला धाप लागली होती.

इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं. कधीतरी विचारील, तेव्हा मी विरघळेन, असं मला वाटायचं. विरघळले नाही. उलट डोकं आणखी फिरलं. म्हणजे इतकी वर्षं याला वाटत होतं काय, सिलिंडर आपणहून ओट्यावर चढतो?

“आधी स्टुलावर, मग ओट्यावर,” मी म्हटलं. “कमरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका.”

“आणि फ्रीज?”

“वरच्या मजल्यावरच्या काकूंना हाक मारा. दरवेळी त्याच येतात.”

“काकू येतात?” तो म्हणाला. मागे टीव्हीचा आवाज येत होता, म्हणजे तो अजून खालीच होता.

गाईड हाका मारत होता. जाऊ राफ्टच्या काठावर पाय अडकवून बसली होती आणि माझ्यासाठी पुढची जागा धरून ठेवली होती.

“अगं, तू आहेस कुठे?” नवरा म्हणाला. “करतेयस काय तिथे?”

“पाणी बघायला आलेय,” मी म्हटलं. “वाढतंय. फ्रीज वर घ्या.”

फोन पिशवीत टाकला, तिचं तोंड गुंडाळून पट्टा लावला आणि वल्हं उचललं.